सरड्याचं आढळक्षेत्र कसं नोंदवायचं: चाळकेवाडीच्या सड्यावरून सुरुवात

सरडा दिसला, फोटो काढला, नकाशावर टाचणी टोचली, काम संपलं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक फायली अशाच असतात. त्यांतून आढळक्षेत्र काढता येत नाही, आणि दोन-तीन उन्हाळे पठारांवर भाजून घेतलेल्या माणसाला हे सांगताना मला फार वाईट वाटतं. मेहनत खरी असते, पण नोंदीचा क्रम चुकलेला असतो.

टाचण्यांचा ढीग म्हणजे आढळक्षेत्र नाही. सरडा कुठे आहे, कुठे शोधूनही मिळाला नाही आणि कुठे आपण गेलोच नाही, या तीन जागा नकाशावर वेगळ्या दिसल्या पाहिजेत. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

उदाहरण म्हणून मी गळ्याला पंखा, म्हणजे पंख्यासारखी उघडणारी कातडीची घडी, असलेला एक सरडा घेतो: सरडा सुपर्बा. साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गेलात तर उन्हाळ्यात दगडावर बसून निळा, काळा आणि केशरी गळा फुलवणारा नर हाच. २०१६ मध्ये या प्रजातीचं वर्णन झालं तेव्हा तिच्या जीनसला (जवळच्या प्रजातींच्या गटाला) शास्त्रीय नाव म्हणून आपला मराठी ‘सरडा’ हाच शब्द दिला गेला. दुसऱ्या एखाद्या सरड्यावर किंवा पालीवर काम करत असाल तर ऋतू आणि वेळ बदला, पायऱ्या याच ठेवा.

## टप्पा १: प्रश्न कागदावर लिहा

‘सातारा जिल्ह्यातले सरडे’ हा प्रश्न नाही. ‘चाळकेवाडीच्या सड्यापासून दक्षिणेला पाटणच्या बाजूपर्यंतच्या कोणकोणत्या सड्यांवर सरडा सुपर्बा आहे?’ हा प्रश्न आहे. प्रजाती एक, हद्द ठरलेली, ऋतू ठरलेला.

ऋतूवर इथे सगळं अवलंबून आहे. नराचा गळा विणीच्या हंगामात रंगतो, आणि तेव्हाच तो दगडावर चढून दिसेल असा बसतो. एप्रिल-मे हे आपले महिने, फार तर जूनचा पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंत. नोव्हेंबरमध्ये त्याच दगडाजवळून गेलात तर मातीच्या रंगाचा एक लहान सरडा गवतात शिरेल आणि तो कोणता हे तुम्हाला छातीठोकपणे सांगता येणार नाही. मादीचं तर बाराही महिने तसंच. म्हणून नोव्हेंबरच्या फेरीत ‘दिसला नाही’ असं लिहून तो सडा रिकामा ठरवू नका.

## टप्पा २: जुन्या नोंदी चाळून घ्या

संग्रहालयातले नमुने, शोधनिबंध, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरचे फोटो हे सगळं आधी एका तक्त्यात आणा. मग प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा.

पहिला, नाव कोणत्या काळातलं आहे? २०१६ च्या आधी आपल्याकडचे पंखा-गळ्याचे बहुतेक सरडे ‘सिताना पाँटिसेरियाना’ या एकाच नावाखाली लिहिले जात. त्या नावाची जुनी नोंद आज सुपर्बाची म्हणून उचलता येत नाही. फोटो किंवा नमुना असेल तर पुन्हा ओळख पटवायची, नसेल तर ओळ बाजूला ठेवायची. पुसायची मात्र नाही.

दुसरा, जागा किती नेमकी आहे? ‘सातारा’ असं लिहिलं असेल तर ते शहर, तालुका की जिल्हा? अशा नोंदीला बिंदू देऊ नका. आणि एकाच नावाच्या वाड्या महाराष्ट्रात पैशाला पासरी आहेत, म्हणून गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरा, बिंदू मुद्दाम सरकवलेला आहे का? आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा लपवतं आणि बिंदू ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेही टाकतं. आपल्याकडे हा चौकोन एका बाजूला वीसेक किलोमीटरचा होतो. उतरवलेल्या फायलीत अचूकतेचा रकाना असतो, तो बहुतेक जण उघडूनच बघत नाहीत. तिथे काही हजार मीटर दिसले तर तो बिंदू नकाशावर टाकायचा नाही. नोंद करणाऱ्यालाच निरोप पाठवून नेमकी जागा विचारा. कशासाठी हवी ते नीट सांगितलं तर लोक देतात.

तपासा: उरलेल्या प्रत्येक जुन्या ओळीपुढे ‘खात्रीची’, ‘शंकेची’ किंवा ‘जागा ढोबळ’ यांपैकी एक शेरा आहे ना?

## टप्पा ३: नकाशावर चौकोन पाडा

क्यूजिस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि हद्दीवर २ किमी × २ किमीचे चौकोन पाडा. हे माप मनाचं नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीसाठी व्यापलेलं क्षेत्र मोजतात ते याच मापाच्या चौकोनांनी, म्हणून सुरुवातीलाच तेच घेतलेलं बरं. प्रत्येक चौकोनाला क्रमांक द्या.

आता उपग्रहचित्र बघून चौकोनांची वाटणी करा: उघडा सडा, झुडपी उतार, दाट जंगल, शेती, वस्ती. सरडा उघड्या सड्यावरचा आहे, पण म्हणून फक्त सडेच निवडू नका. काठाचे चौकोन, म्हणजे सडा संपून उतार किंवा जंगल सुरू होतं ते, नक्की घ्या. आढळक्षेत्राची सीमा तिथेच सापडते. मधल्या चौकोनांत शंभर सरडे मोजले तरी सीमा एक मीटरही पुढे सरकत नाही.

नेहमीची चूक: रस्ता जातो तेच चौकोन निवडणं. मग नकाशावर जे उमटतं ते सरड्याचं क्षेत्र नसतं, डांबरी रस्त्याचं असतं. निदान एक तृतीयांश चौकोन असे घ्या की तिथे पोचायला तासभर पायपीट करावी लागेल.

चाळकेवाडीला याची आणखी एक बाजू आहे. सड्यावर पवनचक्क्यांची रांग आहे आणि त्यांच्या देखभालीचे कच्चे रस्ते चालायला सोपे, म्हणून सगळे तिथूनच फिरतात. २०१८ मध्ये याच भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी, त्यामुळे सरडे जास्त, आणि ते माणसाला जास्त जवळ येऊ देतात. म्हणजे चक्कीखाली सरडा सहज दिसतो. पलीकडच्या चक्की नसलेल्या सड्यावर तेवढ्याच वेळात तो दिसला नाही, तर तिथे तो नाही असं मानणं घाईचं ठरेल. तिथले सरडे विरळ असतील, शिवाय लांबूनच पळतील. तक्त्यात ‘पवनचक्कीपासून अंतर’ हा रकाना ठेवा आणि चक्की नसलेल्या चौकोनांना जास्त फेऱ्या द्या.

## टप्पा ४: परवानगी

बघायला आणि फोटो काढायला सरडा पकडावा लागत नाही. पकडून मोजमाप घ्यायचं असेल, शेपटीचा तुकडा हवा असेल, तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. अभयारण्य किंवा राखीव जंगल असेल तर नुसत्या फिरण्यासाठीही विचारायचं. खासगी जमिनीवर मालकाला विचारा, गायरानावर गुराख्याला सांगा. गुराख्याशी बोललेलं कधी वाया जात नाही. कोणत्या टेंबाडावर ‘रंगीत गळ्याचा’ बसतो हे त्याला तुमच्याआधी माहीत असतं. त्याचं सांगणं नोंद म्हणून धरायचं नाही, कुठे आधी जायचं हे ठरवायला मात्र ते सोन्यासारखं.

## टप्पा ५: मोबाइल आणि वही तयार करा

आदल्या रात्री ही कामं उरका.

१. मोबाइल आणि कॅमेरा यांची घड्याळं मिनिटापर्यंत जुळवा. नंतर फोटो आणि बिंदू यांची सांगड वेळेवरूनच घालायची असते.

२. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत आणि डब्ल्यूजीएस ८४ या पद्धतीत दिसतील असं ठरवा. जुने छापील स्थलदर्शक नकाशे वेगळ्या पद्धतीवर आहेत. त्यावरून आकडे थेट उतरवले की बिंदू सरकतो.

३. तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. सड्यावर रेंज मिळेलच असं नाही.

४. वहीत रकाने आखून ठेवा: चौकोन क्रमांक, तारीख, सुरुवात, शेवट, माणसं किती, आकाश, वारा, जमिनीचं वर्णन, पवनचक्कीपासून अंतर, दिसला की नाही, अक्षांश, रेखांश, अचूकता मीटरमध्ये, फोटो क्रमांक.

तारखेत महिना अक्षरात लिहा. ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल, हा वाद मी एका फायलीवर दोन दिवस घातला आहे.

## टप्पा ६: सड्यावर

वेळ सकाळी आठ ते अकरा, आणि ऊन उतरल्यावर चार ते सहा. भर दुपारी जांभा तापला की सरडा सावलीला जातो, माणसानेही जावं.

एका चौकोनाला एका फेरीत एक तास. दोघं असाल तर वीसेक मीटरचं अंतर ठेवून समांतर चाला. नजर पायाखाली ठेवू नका. पंधरा-वीस मीटर पुढच्या दगडांच्या माथ्यावरून फिरवा, कारण नर उंचवट्यावर बसतो. दर पन्नास पावलांवर थांबा आणि दुर्बीण लावा. चालणाऱ्या माणसाला सरडा गळा फुलवून दाखवत नाही. तुम्ही थांबलात की मिनिटभर तो नुसता बसून राहतो, मग मान वर करतो, गळ्याखालची घडी सुटते आणि रंग एकदम डोळ्यात भरतो. तो क्षण फोटोत आला की ओळखीचं निम्मं काम झालं.

फोटोंचा क्रम असा ठेवा:

१. लांबून, आहे तिथून. नंतर पळाला तरी काहीतरी हातात राहतं.
२. बाजूने, पंखा पूर्ण उघडलेला. पंखा पोटाखाली मागे कुठपर्यंत जातो ते दिसलं पाहिजे. याच जीनसमधल्या सरडा डेक्कनेन्सिस आणि सरडा डार्विनाय यांच्यापासून सुपर्बा वेगळा काढताना पंखा आणि खवले दोन्ही लागतात, नुसता रंग पुरत नाही.
३. मागच्या पायाची बोटं. पंखा-गळ्याच्या सरड्यांना मागे चार बोटं, बागेतल्या नेहमीच्या सरड्याला पाच. लहान पिल्लांच्या फोटोंवरचे कितीतरी घोळ या एका फोटोने मिटतात.
४. जागा, क्षितिजासकट.

बिंदू सरडा बसला होता त्या दगडाचा घ्यायचा, तुम्ही उभे होता तिथला नाही. तो निघून गेल्यावर दगडाजवळ जा, अचूकता १० मीटरच्या आत येईपर्यंत थांबा, मग आकडा लिहा. मोबाइल खिशातून काढून लगेच फोटो काढला तर त्याला कधीकधी मागच्या ठिकाणचाच बिंदू चिकटतो. एका मित्राचे सकाळचे पहिले सगळे सरडे चहाच्या टपरीवर नोंदले गेले होते.

सावध: दगड उलटू नका. हा सरडा दगडावर बसतो, त्याला शोधायला दगडाखाली बघावं लागत नाही. दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं, आणि एकदा हललेल्या जांभ्याखालचा ओलावा गेला की तिथल्या जिवांचं घर मोडतं.

## टप्पा ७: दिसला नाही, हेही लिहा

ही पायरी मी स्वतः गाळली आहे. पहिल्या वर्षी एका सड्यावर तीन सकाळी फिरलो, काही दिसलं नाही म्हणून वहीत काहीच लिहिलं नाही. पुढच्या वर्षी नकाशा करायला बसलो तेव्हा तो सडा कोराच. तिथे सरडा नाही की मी गेलो नव्हतो, आणि गेलो होतो तर किती वाजता, ऊन होतं की ढग, काही आठवेना. तीन सकाळी गेल्या त्या गेल्याच.

रिकाम्या फेरीची ओळही पूर्ण भरायची. नमुना असा:

‘चौकोन २३. १४ मे. सकाळी ८.४० ते ९.४०. माणसं २. आकाश निरभ्र, वारा जोराचा. उघडा जांभा, मधे गवताचे पट्टे, काठावर करवंदीच्या जाळ्या. पवनचक्की जवळ नाही. सरडा सुपर्बा दिसला नाही. बागेतला सरडा १, करवंदीवर.’

किती रिकाम्या फेऱ्यांनंतर ‘नाही’ म्हणायचं? त्यासाठी सरडा नक्की आहे अशा एका सड्यावर त्याच हंगामात दहा फेऱ्या मारा आणि कितींमध्ये दिसला ते मोजा. समजा चारमध्ये दिसला. म्हणजे तो असूनही एका फेरीत हुकण्याची शक्यता ०.६. लागोपाठ तीन फेऱ्या हुकण्याची ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाचात एकदा तुम्ही चुकणार. सहा फेऱ्यांनंतर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. तेव्हा अशा सरड्यासाठी तीन रिकाम्या सकाळींवर ‘नाही’चा शिक्का मारू नका, ‘अजून मिळाला नाही’ एवढंच लिहा.

## टप्पा ८: त्याच संध्याकाळी उतरवा

उद्यावर टाकलं की गेलं. वहीतून तक्त्यात त्याच दिवशी, शक्यतो दोघांनी मिळून: एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं.

फोटो एकमेकांना व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखे पाठवू नका, त्यातली जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या.

सर्वात महागात पडणारी चूक इथेच होते: अंश-मिनिटांचे आकडे दशांश समजून लिहिणं. १७ अंश ३६ मिनिटं म्हणजे १७.३६ नव्हे. ३६ ला ६० ने भागायचं, उत्तर ०.६०, म्हणून १७.६०. तसंच ७३ अंश ४८ मिनिटं म्हणजे ७३.८०. चाळकेवाडीच्या आसपासचे हे आकडे कोणी १७.३६ आणि ७३.४८ असे लिहिले, तर बिंदू सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेला आणि ३४ किलोमीटर पश्चिमेला सरकतो. सड्यावरचा सरडा घाट उतरून चिपळूणच्या बाजूला कोकणात जाऊन बसतो, आणि कुणीतरी ‘कोकणातली पहिली नोंद’ म्हणून आनंद साजरा करतो.

दशांशानंतर किती अंक? चौथा अंक साधारण ११ मीटरचा, पाचवा एक मीटरचा. पाच अंक लिहा, पुरे. मोबाइल दाखवतो ते आठ अंक उतरवल्याने नोंद जास्त अचूक होत नाही. अचूकता सांगायला वेगळा रकाना आहे, तो भरा.

तपासा:
- अक्षांश १७ च्या, रेखांश ७३ च्या घरात आहे ना? अदलाबदल झाली तर बिंदू भारताबाहेर जातो, लगेच कळतं.
- एखाद्या रकान्यात आकडा एकेकाने वाढत खाली गेलाय का? काही स्प्रेडशीटमध्ये खाना खाली ओढला की असं होतं, आणि सरडे शंभर-शंभर किलोमीटर उत्तरेला सरकत जातात.
- सगळे बिंदू उपग्रहचित्रावर टाका. घराच्या छपरावर किंवा तळ्यात पडलेला एकेक बिंदू वहीशी ताडून बघा.

## टप्पा ९: क्षेत्र काढा

दोन मापं आहेत, त्यांची गल्लत करू नका. पहिलं, सर्व खात्रीच्या बिंदूंना कवेत घेणारी सर्वात लहान बहुभुजाकृती, जिचा कोणताही आतला कोन १८० अंशांपेक्षा मोठा नाही. हा आढळाचा विस्तार. दुसरं, सरडा प्रत्यक्ष मिळालेले २ × २ किमीचे चौकोन मोजून ४ ने गुणायचं. हे व्यापलेलं क्षेत्र. दहा चौकोन म्हणजे ४० चौरस किमी. दोन्ही आकडे जिओकॅट या मोफत साधनात काही मिनिटांत निघतात.

एक चुकीचा बिंदू विस्ताराचं काय करतो ते बघा. तुमचा सड्यांचा पट्टा उत्तर-दक्षिण २० किमी लांब आणि ६ किमी रुंद असेल तर विस्तार १२० चौरस किमी. पट्ट्याच्या पश्चिमेला ४० किमीवर, मध्यासमोर, एकच चुकीचा बिंदू पडला की त्यात ४०० ची भर पडून तो ५२० होतो. लाल यादीत विस्ताराची मर्यादा अतिसंकटग्रस्तला १००, संकटग्रस्तला ५,००० आणि असुरक्षितला २०,००० चौरस किमीपेक्षा कमी अशी आहे. लहान क्षेत्राच्या प्रजातीचा वर्ग एका टाचणीने हलू शकतो. नुसत्या आकड्यावर वर्ग ठरत नाही हेही खरं. तुकडे पडणं किंवा मोजकी ठिकाणं, सततची घट, टोकाचे चढउतार, या अटींपैकी किमान दोन लागतात. पण हिशोबाची सुरुवात तुमच्या आकड्यापासून होते.

बहुभुजाकृतीच्या आत दऱ्या, जंगल, धरणाचं पाणी येतं. येऊ द्या, हे माप तसंच असतं. ती सगळी जागा रंगवून ‘इथे सरडा आहे’ असा नकाशा मात्र छापू नका. नकाशावर तीन खुणा ठेवा: मिळाला तो चौकोन भरलेला, पुरेशा फेऱ्या होऊनही मिळाला नाही तो रिकामा, गेलो नाही किंवा फेऱ्या अपुऱ्या तो रेघांचा. रेघांचे चौकोन लपवायची लाज नको. पुढचा माणूस आधी तेच बघेल.

## टप्पा १०: किती सांगायचं, कुणाला

रंगीत सरडा फोटोसाठी प्रसिद्ध झाला की त्याच दगडावर मे महिन्यात रांग लागते, आणि गळा फुलवावा म्हणून लोक त्याला डिवचतातही. समाजमाध्यमांवर तालुक्यापर्यंतच सांगा. आयनॅचरलिस्टवर टाकताना जागा लपवण्याचा पर्याय स्वतः निवडा. नेमके बिंदू असलेला तक्ता तुमच्याकडे, वनखात्याकडे आणि त्या प्रजातीवर काम करणाऱ्या संशोधकाकडे राहू द्या. मूळ वही जपून ठेवा, तक्ता तपासायला शेवटी तीच लागते.

पुढच्या एप्रिलला बाहेर पडाल तेव्हा मागच्या वर्षीच्या हमखास दगडाकडे आधी जाऊ नका. पहिल्या गार सकाळी रेघांच्या चौकोनांना द्या.